पान उघडे असताना मागाहून येणाऱ्या जावास्क्रिप्ट फाइलींना आवृत्ती कशी द्यावी?

दीपमाळ

नमस्कार. गोव्यातील फोंडा तालुक्यातील काही देवस्थानांच्या कचेऱ्यांसाठी आम्ही चौघे मिळून एक लहानशी प्रणाली चालवतो. अग्रशाळेतील खोल्यांची नोंद, अभिषेक आणि लघुरुद्राच्या पावत्या, जत्रेच्या दिवसांतील सेवांची यादी, एवढेच तिचे काम. मुख्य भाग सर्वांना एकच आहे. परंतु सेवांची नावे, दर आणि पावतीचे नियम प्रत्येक देवस्थानाचे निराळे असल्यामुळे त्यांच्यासाठी एकेक स्वतंत्र जावास्क्रिप्ट फाइल ठेवलेली आहे. कारकून लॉगिन करतो, त्याच्या देवस्थानाच्या सांकेतिक नावावरून पत्ता तयार होतो आणि ती फाइल स्क्रिप्ट टॅगने पानात येते.

मुख्य भाग वेबपॅक ५ (अनेक जावास्क्रिप्ट फाइली एकत्र बांधणारे साधन, म्हणजे बंडलर) बांधते आणि त्याच्या फाइलींच्या नावांत कंटेंटहॅश (मजकुरावरून काढलेली खूण) असतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. देवस्थानांच्या फाइली मात्र वेबपॅकच्या नजरेआड आहेत. कॉपी करणारे प्लगइन त्यांना एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात नेऊन ठेवते, इतकेच. सुरुवातीला आम्ही पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन त्या क्षणाची वेळ जोडत होतो, म्हणजे ब्राउझरचा कॅशे (आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) पूर्णपणे निकामी होत होता. पुढे वेळेच्या जागी प्रणालीचा आवृत्ती क्रमांक आला, जो डिफाइनप्लगइन बांधणीच्या वेळीच मजकुरात कोरून ठेवते.

गेल्या जत्रेत दोन गोष्टी घडल्या. एका सेवेचा दर बदलला, म्हणून आम्ही फक्त त्या देवस्थानाची फाइल सर्व्हरवर चढवली. मुख्य भाग पुन्हा बांधला नाही, साहजिकच क्रमांक तोच राहिला, आणि शेजारशेजारच्या दोन खिडक्यांवर एकाच सकाळी एकाच सेवेच्या पावत्या दोन दरांनी फाटल्या. दुसऱ्या रात्री आम्ही मुख्य भागाची नवी आवृत्ती चढवली. सकाळी ज्या कारकुनाचे पान आदल्या संध्याकाळपासून उघडेच होते, त्याने पावतीचे बटण दाबताच पडद्यावर काहीच झाले नाही. कन्सोलमध्ये मात्र चंकलोडएरर (फाइलीचा तुकडा न मिळाल्याची त्रुटी) आणि त्याच्या वर ‘<’ हे चिन्ह अनपेक्षित असल्याची तक्रार होती.

माझा प्रश्न असा की, पत्ता तयार होण्याच्या क्षणी त्याला योग्य आवृत्ती जोडणारे प्लगइन वेबपॅकमध्ये कसे लिहावे? वेबपॅक ४ साठी लिहिलेले एक जुने प्लगइन हाती आहे, पण ते मेनटेम्प्लेटच्या हुकांवर (प्लगइनने आपला कोड जोडण्याच्या जागांवर) बसलेले असून वेबपॅक ५ मध्ये चालत नाही.

मांडवीकाठ

प्लगइनकडे वळण्यापूर्वी एक विचारतो. या फाइली वेबपॅकच्या नजरेआड ठेवण्याचे कारण काय? इम्पोर्टच्या कंसात पूर्ण नाव न देता ‘देवस्थाने’ फोल्डराचा मार्ग आणि पुढे चल नाव असे टेम्प्लेट स्ट्रिंगने लिहिले, तर वेबपॅक त्या फोल्डरातील जुळणाऱ्या प्रत्येक फाइलीचा स्वतंत्र चंक (तुकडा) बनवते. चंकफाइलनेम या सेटिंगमध्ये कंटेंटहॅश असला की प्रत्येकाला मजकुरानुसार नाव मिळते आणि क्रमांक ते नाव हा तक्ता रनटाइममध्ये (ब्राउझरात चालणाऱ्या वेबपॅकच्या स्वतःच्या कोडमध्ये) आपोआप येऊन बसतो. वीट हे दुसरे साधन वापरणाऱ्यांना हेच काम इम्पोर्ट-मेटा-ग्लॉबने करता येते. जे बंडलरला आधीच कळवता येते, त्यासाठी प्लगइन लिहू नये असे माझे मत आहे.

दीपमाळ

आपले म्हणणे पटते, आणि आरंभी आम्ही तसेच केले होते. अडचण अशी की देवस्थानांच्या फाइली वेगळा सहकारी सांभाळतो आणि त्या मुख्य भागाच्या वेळापत्रकाबाहेर चढतात. महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) बैठकीत संध्याकाळी सेवेचा नियम बदलला तर तो दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावतीला लागू व्हावा लागतो. त्यासाठी मुख्य भाग पुन्हा बांधून सगळ्यांना वाटणे आम्हांला जड जाते.

मांडवीकाठ

मग आपल्याकडे दोन निराळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते सुटे करावे लागतील.

पहिला प्रश्न वेबपॅकच्या स्वतःच्या चंकांचा. बांधलेल्या फाइलीत वेबपॅक रिक्वायरचे ‘यू’ नावाचे एक फलन (फंक्शन) असते. चंकचा क्रमांक दिला की ते फाइलीचे नाव परत करते. ‘पी’ म्हणजे पब्लिक पाथ (फाइली जिथून येतात तो मूळ पत्ता), आणि ‘एल’ म्हणजे प्रत्यक्ष स्क्रिप्ट टॅग घालणारे फलन. वेबपॅक ४ मध्ये हा सगळा मजकूर मेनटेम्प्लेट जुळवत असे, म्हणून जुनी प्लगइने त्या मजकुरात शोध-बदल करून आपले काम साधत. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या वेबपॅक ५ ने रनटाइमचे तुकडे रनटाइम मॉड्यूल नावाच्या वर्गांत विभागले आणि जुन्या प्लगइनचा आधार तिथेच सुटला. आता करायचे ते असे: धिसकम्पायलेशन हुकात शिरावे, ‘चंकच्या स्क्रिप्टचे नाव’ ही रनटाइम गरज नोंदली गेली की आपले रनटाइम मॉड्यूल जोडावे, आणि त्याचा टप्पा ‘अटॅच’ ठेवावा, म्हणजे मूळ ‘यू’ तयार झाल्यानंतरच आपला मजकूर चालतो. त्या मजकुरात जुने ‘यू’ एका चलात धरून ठेवायचे आणि त्याच्या जागी असे फलन द्यायचे, जे जुन्याला विचारून आलेल्या नावापुढे आवृत्ती जोडते. प्रीफेचसुद्धा (पुढे लागणारी फाइल आधीच आणणे) याच ‘यू’ला विचारत असल्यामुळे तेही यात येते. सीएसएसचे तुकडे मात्र येत नाहीत. मिनी सीएसएस एक्स्ट्रॅक्ट प्लगइन त्यांच्यासाठी ‘मिनीसीएसएसएफ’ हे वेगळे फलन ठेवते, आणि ते विसरल्यास पावती नवी आणि तिचा पोशाख जुना असा प्रकार होतो.

एवढे सांगून झाल्यावर हेही सांगतो की आपल्याला यांतले काहीच करण्याची गरज नाही. ज्या चंकाच्या नावात कंटेंटहॅश आहे त्याला वरून आणखी आवृत्ती जोडणे म्हणजे न बदललेली फाइलही दर वेळी नव्याने उतरवून घेणे. आपला चंकलोडएरर आवृत्ती नसल्यामुळे आलेला नाही. जुन्या पानाने मागितलेली जुनी फाइल आपणच रात्री पुसून टाकली होती, म्हणून तो आला.

दुसरा प्रश्न देवस्थानांच्या फाइलींचा. तिथे प्लगइन खरोखर हवे, पण त्याने वेळ किंवा प्रणालीचा क्रमांक जोडता कामा नये. ज्या फाइलीचा मजकूर बदलला तिचेच नाव बदलले पाहिजे.

नवशिका

मध्येच विचारतो, क्षमा असावी. फाइल पुसली असेल तर सर्व्हरने ४०४ (‘सापडले नाही’) द्यायला हवे होते. मग ‘<’ कुठून आला?

रानमोगरा

याचे उत्तर मी देते, कारण हे मी वाळपईत भोगले आहे. एकपानी अनुप्रयोगांसाठी सर्व्हरला बहुधा असे शिकवलेले असते की न सापडणाऱ्या कोणत्याही पत्त्याला मुख्य एचटीएमएल पान द्यावे, आणि तेही २०० (‘ठीक’) या संकेतासह. जावास्क्रिप्टची फाइल मागितली तरी हाती एचटीएमएल येते, त्याचे पहिलेच अक्षर ‘<’ असते आणि ब्राउझर तिथेच अडतो. टॅगच्या दृष्टीने मात्र फाइल ‘आली’, म्हणून वेबपॅकच्या त्रुटीच्या कंसात ‘एरर’ न दिसता ‘मिसिंग’ हा शब्द दिसतो. हा शब्द दिसला की नेटवर्कला दोष न देता आधी सर्व्हरकडे पाहावे.

याहून वाईट प्रसंगही येतो. जावास्क्रिप्टच्या फोल्डरातील सर्व उत्तरांना वर्षभराचा कॅशे लावलेला असेल, तर मधला सीडीएन (फाइली साठवून वाटणारे सर्व्हर) ते एचटीएमएल त्या पत्त्याखाली जपून ठेवतो, आणि आपण खरी फाइल परत नेऊन ठेवली तरी लोकांना एचटीएमएलच मिळत राहते. म्हणून त्या फोल्डरापुरता हा पर्यायी नियम बंद करावा आणि तिथे सरळ ४०४ द्यावे.

कुळागर

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, रिक्वायरजेएस या फाइली मागाहून आणणाऱ्या जुन्या साधनाच्या काळापासूनचा. तिथे यूआरएलआर्ग्ज नावाची एक सोय होती. तिच्यात दिलेला मजकूर प्रत्येक पत्त्याच्या शेवटी चिकटत असे. ती विकासाच्या वेळी उपयोगाची, प्रत्यक्ष वापरात अंगावर येणारी. प्रश्नचिन्हाविषयीचा जुना आक्षेपही आठवतो: वेबसाइटच्या वेगाचे अभ्यासक स्टीव्ह साउडर्स यांनी २००८ मध्येच लिहून ठेवले होते की आवृत्ती क्वेरीत (पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढच्या भागात) न घालता फाइलीच्या नावात घालावी, कारण त्या वेळचे काही प्रॉक्सी (मधले सर्व्हर) प्रश्नचिन्ह असलेले पत्ते कॅशेच करत नसत. आज ते कारण फारसे उरलेले नाही, तरी सल्ला बरोबरच आहे. सर्व्हरवर फाइल एकच असेल आणि फक्त क्वेरी बदलत असेल, तर जुन्या क्वेरीने मागणाऱ्यालाही नवीच फाइल मिळते. जुनी आवृत्ती कुठे शिल्लकच राहत नाही.

दीपमाळ यांना माझी सूचना याहून साधी आहे. प्रत्येक प्रकाशनासाठी वेगळे फोल्डर करा आणि पब्लिक पाथ पान सुरू होताना ठरवा. वेबपॅक ‘वेबपॅक पब्लिक पाथ’ या चलाला चालू पानात किंमत देऊ देते. मग प्लगइन नको आणि तक्ताही नको.

मांडवीकाठ

कुळागर साहेब, फोल्डराच्या पद्धतीत एका प्रकाशनातील सर्व फाइली एकमेकांशी जुळतात हा मोठा गुण आहे, हे मान्य. परंतु एका देवस्थानाचा एक नियम बदलला की सगळ्यांच्या सगळ्या फाइलींचे पत्ते बदलतात. पणजीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. रानमोगरा यांच्या भागात येईल.

रानमोगरा

येईलच. आमचे काम काजूच्या खरेदीचे आहे. हंगामात सत्तरीतील केंद्रांवर मोबाइलचे नेट कधी असते, कधी नसते, आणि बोंडू घेऊन आलेला माणूस फाइल उतरण्याची वाट पाहत उभा राहत नाही. कमी बदलले तर कमी उतरावे, यापलीकडे आम्हांला काही नको असते.

क्वेरीचा आणखी एक धोका कुणी सांगितला नाही, तो नोंदवते. दीपमाळ सध्या साधा स्क्रिप्ट टॅग वापरतात. उद्या ईएस मॉड्यूलकडे (जावास्क्रिप्टची स्वतःची इम्पोर्ट पद्धत) वळले तर हे लक्षात असू द्यावे. ब्राउझर मॉड्यूलची ओळख पूर्ण पत्त्यावरून ठरवतो आणि त्यात क्वेरीही धरली जाते. आमच्याकडे पावतीचा क्रमांक मोजणारे एक मॉड्यूल होते. मुख्य फाइल ते साध्या नावाने घेत होती आणि मागाहून येणारी वजनाची फाइल तेच मॉड्यूल आवृत्तीच्या क्वेरीसह घेत होती. ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी मॉड्यूले झाली, प्रत्येकाने आपला मोजणीचा चल वेगळा धरला, आणि एकच क्रमांक दोन शेतकऱ्यांच्या पावत्यांवर छापला गेला. चूक शोधायला आम्हांला तीन दिवस लागले, कारण दोन्हीकडचा मजकूर अक्षरशः एकच होता.

दीपमाळ

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या पावत्यांची रचनाही तशीच आहे. आता देवस्थानांच्या फाइलींसाठीच्या प्लगइनकडे येतो. नावात हॅश घालायचा हे मान्य. पण मग मुख्य भागाला ते नाव कळणार कसे?

मांडवीकाठ

प्लगइनचे काम फार नाही. प्रोसेसअसेट्स हुकात देवस्थानांच्या फोल्डरातील प्रत्येक फाइल वाचावी, नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलने तिच्या मजकुराचा शा-२५६ हा हॅश काढून त्याची पहिली दहा-बारा अक्षरे नावात घालावी, एमिटअसेटने ती नव्या नावाने बाहेर द्यावी, आणि मूळ नाव ते नवे नाव असा तक्ता जेसन फाइलीत लिहावा. फाइल संकुचित करणार असाल तर हॅश संकोचनानंतरच्या मजकुराचा काढावा. बांधणीची वेळ किंवा तारीख मजकुरात कुठेही कोरू नये, नाहीतर काहीही न बदलता दर वेळी नवा हॅश निघेल.

खरा निर्णय तक्ता कुठे ठेवायचा हा आहे, आणि तो तंत्राचा कमी, आपल्या कामाच्या स्वरूपाचा अधिक आहे. तक्ता रनटाइम मॉड्यूलमधून मुख्य भागातच कोरला, तर एकदा उघडलेले पान शेवटपर्यंत एकाच संचातील फाइली वापरते. मागाहून झालेला बदल त्याला कळत नाही, पण विजोड जोडीही कधी पडत नाही. तक्ता वेगळ्या फाइलीत ठेवला आणि गरजेच्या वेळी वाचला, तर बदल लगेच पोहोचतो. पण कालचे मुख्य पान आणि आजची देवस्थान-फाइल एकत्र येऊ शकतात. आपल्याला बदल त्याच दिवशी हवा असल्यामुळे दुसरा मार्ग घ्यावा लागेल, आणि तो घेताना तक्त्यात एक कराराचा क्रमांकही ठेवावा लागेल. देवस्थान-फाइल मुख्य भागाकडून जी फलने अपेक्षिते, त्यांची रचना बदलली की हा क्रमांक वाढवायचा. मुख्य भागात कोरलेला क्रमांक आणि तक्त्यातील क्रमांक जुळला नाही, तर फाइल पानात मुळीच आणायची नाही. चुकीची पावती फाटण्यापेक्षा ‘पान नव्याने उघडा’ ही सूचना दिसलेली बरी.

कॅशेच्या बाबतीत तक्त्याला आणि मुख्य एचटीएमएल पानाला ‘नो-कॅश’ द्यावे. या शब्दाने पुष्कळांची फसगत होते: त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारा’ असा आहे. ईटॅग (फाइलीची ओळखखूण) असेल तर न बदललेल्या तक्त्याला ३०४ (‘बदल नाही’) एवढेच उत्तर येते. हॅश असलेल्या फाइलींना मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे ३६५ दिवस, आणि सोबत ‘इम्यूटेबल’ (कधी न बदलणारी) द्यावे.

कुळागर

सर्व्हरवर चढवण्याचा क्रमही लिहून ठेवा. आधी फाइली आणि तक्ता सर्वांत शेवटी. उलट केले तर मधल्या काही क्षणांत तक्ता अशा फाइलीकडे बोट दाखवतो, जी अजून पोहोचलेलीच नाही.

आणि एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नये. सेवेचा दर जावास्क्रिप्ट फाइलीत असणे हेच मुळात चूक आहे. दर ही माहिती आहे. ती सर्व्हरने द्यावी आणि पावतीची रक्कमही सर्व्हरनेच ठरवावी. ब्राउझरमधील आकडा फक्त दाखवण्यापुरता असावा. तसे असते तर दोन खिडक्यांवर दोन दर निघाले नसते, मग आवृत्तीची पद्धत कितीही ढिसाळ असो.

दीपमाळ

राग कसला, बरोबरच बोललात. दर तिथे गेले कारण पहिल्या देवस्थानासाठी ते लिहिणे तेव्हा सोपे होते. मग सवय झाली.

नवशिका

फाइल आलीच नाही तर प्लगइनने पुन्हा प्रयत्न करावा का? रिट्राय चंक लोड नावाचे एक प्लगइन पाहिले आहे. त्यात कॅशे चुकवण्यासाठी क्वेरी जोडण्याचीही सोय दिसते.

मांडवीकाठ

नेट क्षणभर तुटत असेल तर ते उपयोगाचे आहे. एरवी वेबपॅक एका चंकाची वाट आपण होऊन १२० सेकंद पाहते, आणि खिडकीवर रांग असताना तेवढा वेळ फार होतो. परंतु फाइल सर्व्हरवरूनच गेली असेल तर दहा वेळा विचारूनही ती येणार नाही; तिथे पान नव्याने उघडणे हाच उपाय. ते आपोआप करणार असाल तर सेशनस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या तात्पुरत्या साठवणीत) एक खूण ठेवा, नाहीतर पान स्वतःला अखंड उघडत बसेल. अर्धी भरलेली पावती पडद्यावर असेल तर आपोआप काहीही करू नये. वीटमध्ये यासाठी ‘वीट:प्रीलोडएरर’ ही घटना तयार मिळते.

एखादी देवस्थान-फाइल दुसरी समाईक फाइल आणत असेल, तर हॅशची साखळी तयार होते हेही पाहून ठेवा. समाईक फाइलीचे नाव बदलले की तिला आणणाऱ्याचा मजकूर बदलतो आणि म्हणून त्याचेही नाव बदलते. ईएस मॉड्यूलकडे गेलात तर इम्पोर्ट मॅप हा यावरचा उतारा आहे: मजकुरात साधे नाव राहते आणि हॅशचे नाव फक्त नकाशात असते. क्रोमने तो आवृत्ती ८९ पासून, फायरफॉक्सने १०८ पासून आणि सफारीने १६.४ पासून दिला. कचेरीतील संगणक जुने असतील तर आधी ब्राउझर तपासा.

दीपमाळ

तीन आठवड्यांनी परत येऊन लिहितो आहे. दर सर्व्हरवर नेले. देवस्थानांच्या फाइलींसाठी स्वतंत्र बांधणी केली. तिच्यातील प्लगइन सत्तरएक ओळींचे झाले असून ते फक्त हॅश काढते, फाइल नव्या नावाने देते आणि तक्ता लिहिते. ‘यू’ला हात लावला नाही. रनटाइम चंक वेगळा काढला, कारण एखाद्या चंकाचा हॅश बदलला की चंकांच्या नावांचा तक्ता असलेली मुख्य फाइलही विनाकारण बदलत होती. मुख्य भाग लॉगिनच्या वेळी आणि त्यानंतर दर नव्या पावतीच्या आधी तक्ता वाचतो. करार जुळला नाही तर चालू पावती पूर्ण करू देतो, आणि मगच पान नव्याने उघडण्यास सांगतो.

चढवताना जुन्या फाइली पुसणारा पर्याय काढून टाकला. आता ६० दिवसांपूर्वीच्या आणि तक्त्यात नसलेल्या फाइलीच जातात. जावास्क्रिप्टच्या फोल्डरात न सापडलेल्या फाइलीला ४०४ मिळते. परवा एका कचेरीतील पान मुद्दाम रात्रभर उघडे ठेवले, मध्ये दोन वेळा नवी आवृत्ती चढवली आणि सकाळी त्याच पानावरून पावती काढली, ती निघाली.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. माझ्या विंडोज संगणकावर बांधले की सर्व फाइलींचे हॅश एक येतात आणि बांधणीच्या लिनक्स यंत्रावर दुसरेच. मजकूर तोच, नोडची आवृत्ती तीच.

रानमोगरा

ओळीच्या शेवटाचे चिन्ह पाहा. विंडोजवर गिट (फाइलींच्या आवृत्त्या जपणारे साधन) फाइल बाहेर काढताना ओळ संपवण्यासाठी एका वर्णाऐवजी दोन वर्ण घालू शकते. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅशला दिसतो. गिटअॅट्रिब्यूट्स फाइलीत जावास्क्रिप्टसाठी ओळीचा शेवट ‘एलएफ’ असा सक्तीने ठरवून द्या आणि फाइली नव्याने बाहेर काढा.

दीपमाळ

तेच निघाले. आज सकाळी बदल केला आणि दोन्ही यंत्रांवरील तक्ते शेजारी ठेवून पाहिले; शेवटच्या नावापर्यंत जुळतात. आभार, ताई.